मालप्लाकेत इंग्रज किती होते, आणि मेले कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मालप्लाकेच्या लढाईवर मोठा लेख आला. १७०९ ची ही लढाई, एका बाजूला फ्रान्स आणि दुसऱ्या बाजूला इंग्रज सेनापती मार्लबरो आणि त्याचे दोस्त. युरोपातल्या एवढ्या जुन्या लढाईला आपण अर्धं पान दिलंत याचा आनंद झाला. राग आला तो त्यातल्या दोन वाक्यांचा. एक, ‘मार्लबरोच्या इंग्रजी फौजेने फ्रेंचांचा धुव्वा उडवला’. आणि दुसरं, ‘ब्लेनहाइम, रामिली, औडेनार्डनंतरचा हा त्याचा चौथा दिग्विजय’. पहिलं वाक्य चूक आहे. दुसरं चूक आहे असं सरळ म्हणता येत नाही, म्हणूनच ते जास्त फसवं आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. तोफखान्यात नोकरी केली, शेवटची काही वर्षं जवानांना नकाशावाचन शिकवलं, आणि निवृत्तीनंतर जुन्या लढायांचे नकाशे घेऊन बसायचा नाद लागला. त्यामुळे लेख वाचायच्या आधी मी त्यासोबतचा नकाशा पाहिला. त्यात दोन्ही फौजांचे लाल-निळे ठोकळे आहेत, बाण आहेत, पण रानं नाहीत! मालप्लाकेचा नकाशा रानांशिवाय छापला की त्या दिवशी माणसं जिथं आणि ज्या कारणानं मेली, ते सगळंच पुसलं जातं. डावीकडे रान, उजवीकडे रान, मध्ये अरुंद मोकळी पट्टी. लढाई घडली ती या तीन गोष्टींमुळे.

आता ‘इंग्रजी फौज’. ११ सप्टेंबर १७०९ ला मार्लबरो आणि सॅव्हॉयचा राजपुत्र यूजीन यांच्या हाताखाली मैदानात ८५-९० हजारांच्या आसपास माणसं होती. त्यांत डच होते, ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे सैनिक होते, प्रशियाचे, हॅनोव्हरचे, हेसचे, डेन्मार्कचे होते. पायदळाच्या सव्वाशेच्या वर पलटणी होत्या आणि त्यांतल्या ब्रिटिश विसाच्या आसपास. सेनापती इंग्रज म्हणून फौज इंग्रज ठरत नाही. बरं, दुसरा सेनापती यूजीन जन्मला पॅरिसमध्ये, चाकरी व्हिएन्नाच्या दरबाराची, आणि आयुष्यभर लढला तो बहुतेक फ्रान्सच्या राजाशी, चौदाव्या लुईशी. त्या काळच्या फौजा अशाच असत.

ही लढाई का झाली हे लेखात दोन ओळींत उरकलं आहे. माझ्या मते तिथंच खरी गोम आहे. स्पेनच्या गादीवर कोण बसणार यावरून १७०१ पासून युद्ध चाललं होतं. लुईचा नातू फिलिप माद्रिदला बसला होता आणि इंग्लंड, हॉलंड, ऑस्ट्रिया यांना तिथं ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक चार्ल्स हवा होता. १७०८ मध्ये औडेनार्डला फ्रेंच हरले, पाठोपाठ लिलचा किल्ला गेला. मग १७०९ च्या जानेवारीत अशी थंडी पडली की नद्या गोठल्या, पेरलेला गहू जमिनीतच मेला, आणि फ्रान्समध्ये भाकरीसाठी दंगे होऊ लागले. लुईनं आपला परराष्ट्रमंत्री तोर्सी याला जातीनं हेगला धाडलं. एवढ्या मोठ्या राजाचा मंत्री शत्रूच्या दारात तहाची याचना करत उभा, हे आधी कुणी पाहिलं नव्हतं.

दोस्तांनी, म्हणजे इंग्लंड, हॉलंड, ऑस्ट्रिया यांनी, चाळीस कलमांचा मसुदा पुढे केला. तोर्सीनं खूप काही कबूल केलं. अडलं ते ३७ व्या कलमावर. दोन महिन्यांत फिलिप स्पेन सोडून गेला नाही, तर त्याला हुसकायला स्वतः लुईनं मदत करायची, नाहीतर युद्धतहकुबी रद्द. आजोबानं नातवाविरुद्ध फौज काढायची! लुईचं वय तेव्हा सत्तर. युद्धच करायचं तर ते पोरांशी करण्यापेक्षा शत्रूंशी करीन, असं तो म्हणाल्याचं सांगतात. जूनमध्ये त्यानं प्रांतोप्रांतीच्या सुभेदारांना पत्र लिहून सगळी हकीकत रयतेपुढे मांडली. जो राजा कुणालाही कसलीही सफाई देत नसे, त्यानं प्रजेला समजावून सांगितलं की तह का मोडला. दरबारातली चांदीची भांडी वितळायला टांकसाळीत गेली.

म्हणजे मालप्लाकेच्या आधीच शत्रू गुडघ्यावर आला होता. एक कलम सैल केलं असतं तर ही लढाई झालीच नसती. पुढचे सगळे आकडे वाचताना हे विसरू नये.

फ्रेंच फौज मार्शल व्हिलारच्या हाती दिली होती. माणूस बढाईखोर, पैशाचा लोभी, पण शिपायांत मिसळणारा. त्याला मिळालेली फौज अर्धपोटी होती. तो रांगांतून जाई तेव्हा शिपाई ‘आमची रोजची भाकरी आज आम्हांला दे’ ही लॅटिन प्रार्थना त्याला ऐकवत, असं त्यानंच कळवलं आहे. रोजच्या शिध्याचा कधी चौथा हिस्सा मिळे, कधी निम्मा. एखाद्या तुकडीला कूच करायचं असलं तर जागेवर राहणाऱ्यांना उपाशी ठेवून चालणाऱ्यांना भाकरी द्यावी लागे. अशा फौजेच्या मदतीला पासष्टीचा मार्शल बुफ्लेर आला. लिलचा किल्ला महिनोन्‌महिने लढवणारा हाच. हुद्द्यानं तो व्हिलारहून ज्येष्ठ होता. त्यानं राजाला सांगितलं की मी धाकट्याच्या हाताखाली लढायला तयार आहे. आयुष्यभर हुद्दे आणि सलाम पाहिलेला माणूस म्हणून सांगतो, हे लढाईत छातीवर गोळी झेलण्यापेक्षा अवघड असतं. पुढे संध्याकाळी फ्रेंच फौज वाचली ती यामुळेच.

दोस्तांनी उन्हाळाभर टूर्ने या किल्लेबंद शहराला वेढा घातला. भुयारं, सुरुंग, जमिनीखालची मारामारी, फार वाईट वेढा होता तो. ३ सप्टेंबरला तिथला बालेकिल्ला पडला आणि लगेच फौजा मॉन्स या दुसऱ्या किल्लेबंद शहराकडे वळल्या. लुईनं व्हिलारला आता लढाई द्यायची मुभा दिली होती. व्हिलार ९ तारखेला मालप्लाकेच्या पट्टीत येऊन उभा राहिला, आणि तोही मॉन्सच्या वेढ्याला धोका वाटेल इतक्या जवळ.

आणि इथं दोस्त दोन दिवस थांबले. टूर्नेहून तोफा यायच्या होत्या, मागं राहिलेल्या पलटणी यायच्या होत्या. कारण पटण्यासारखं आहे, तोफांशिवाय पायदळ पुढं घालू नये हे मीही सांगेन. पण त्या दोन दिवसांत व्हिलारच्या उपाशी माणसांनी जी खणाखणी केली, तिला तोड नाही. रानांच्या कडेला झाडं पाडून त्यांचे शेंडे शत्रूकडे करून टाकले, मागं मातीचे बांध घातले, आणि मधल्या पट्टीत टोक पुढं काढलेले मातीचे आडोसे उभे केले. दोन आडोशांमध्ये मोकळी जागा ठेवली, म्हणजे आपल्या घोडदळाला पुढं यायला वाट राहील. हे सगळं दोस्तांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. ९ तारखेला जिथं शेत होतं तिथं ११ ला किल्ला झाला होता. तोफांची वाट पाहण्यात जे मिळालं त्याहून जास्त खणणाऱ्यांच्या पदरात पडलं, असं माझं मत आहे. लढाईनंतर मार्लबरोच्या टीकाकारांनीही नेमका हाच प्रश्न उचलला.

ही जागा मी पाहिली आहे. मुलगी-जावई बेल्जियममध्ये असतात, त्यांच्याकडे गेलो असताना जावयाला गाडी काढायला लावली. मॉन्सपासून लांब नाही. मालप्लाके हे वाडीवजा गाव आज फ्रान्सच्या हद्दीत आहे आणि रणभूमीच्या अंगावरून बेल्जियमची सीमा जाते. सीमा म्हणजे रस्त्यावरची एक पाटी, बाकी काही कळत नाही. जावई म्हणाला, ‘बाबा, इथं तर काहीच नाही.’ बरोबर होतं त्याचं. शेतं, थोडी घरं, दोन्ही अंगांना रानाची काळी रेघ. त्याला म्हटलं, आता रस्ता सोड आणि माझ्याबरोबर शेताच्या कडेनं चाल. जमीन सपाट वाटते पण तशी नाही. चालायला लागलं की हलकेच खाली जाते, पुन्हा वर येते, आणि शंभर-दीडशे पावलांपलीकडं उभा माणूस कमरेपर्यंत दिसेनासा होतो. तोफ लपवायला एवढं पुरे होतं. इथं तोफा कुठं ठेवशील असं मी माझ्या प्रशिक्षणार्थींना विचारलं असतं, तर हुशार पोरानं तीच जागा दाखवली असती जी बुफ्लेरच्या लोकांनी निवडली.

त्या जागेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लेखात तिचा उल्लेखही नाही.

दोस्तांचा बेत असा होता. उजवीकडे सारच्या रानावर मोठा हल्ला चढवायचा, डावीकडे लानिएरच्या रानालगत दुसरा, म्हणजे व्हिलार मधल्या पट्टीतलं पायदळ बाजूंना ओढील. मग मध्य पोकळ झाला की घोडदळ तिथून घुसवायचं. डावा हल्ला डचांकडे होता. सेनापती ऑरेंजचा राजपुत्र योहान विलेम फ्रिसो, वय बावीस. त्याच्याकडे तीस पलटणी होत्या आणि समोर आकड्यानं कितीतरी जास्त फ्रेंच पायदळ बांधांमागं बसलं होतं. त्या टोकाला हुकूम बुफ्लेरचा.

सकाळी धुकं होतं. नऊच्या सुमाराला मोठ्या तोफांच्या सलामीनं इशारा झाला आणि उजवीकडचे हल्ले सुटले. ठरल्याप्रमाणे अर्ध्या तासानं डच निघाले. राजपुत्र सगळ्यांच्या पुढे. पहिल्याच मिनिटांत त्याच्या शेजारचा जनरल ऑक्सेनस्टिएर्ना पडला. राजपुत्राचा घोडा मेला, तो पायी चालू लागला. समोरून बंदुकांचा मारा होताच, पण घात केला तो उजव्या बाजूनं. फ्रेंच फळी तिथं जराशी आत वळली होती, आणि त्या बेचक्यात वीस तोफा झाकून ठेवल्या होत्या. डच पुढं सरकत गेले तसतशी त्यांची उजवी कूस त्या वीस तोफांच्या तोंडासमोर उघडी पडत गेली.

तोफखान्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. समोरून आलेला गोळा तीन-चार माणसांच्या खोलीची रांग भेदतो आणि मागं निघून जातो. तोच गोळा बाजूनं, रांगेच्या लांबीला धरून आला तर तो थांबेपर्यंत माणसंच माणसं असतात. आणि जवळच्या पल्ल्यात गोळाही वापरत नाहीत. पत्र्याच्या डब्यात भरलेल्या बंदुकीच्या गोळ्या वापरतात, डबा तोंडाशी फुटतो आणि पंख्यासारखा मारा होतो. त्या काळची तोफ हलवायला जड, भाड्याचे घोडे आणि भाड्याचे हाकणारे, त्यामुळे एकदा मांडली की दिवसभर सहसा तिथंच. म्हणून जागा निवडणं हेच तोफखान्याचं अर्धं युद्ध. ती जागा ज्यानं निवडली त्यानं आपलं काम लढाईच्या आदल्या दिवशीच संपवलं होतं.

डच तरीही बांधापर्यंत गेले. काही ठिकाणी तो चढूनही गेले. मग फ्रेंचांनी उलट हल्ला करून त्यांना मागं रेटलं. राजपुत्रानं उरलेल्यांना पुन्हा उभं केलं, एका पलटणीचं निशाण स्वतःच्या हातात घेतलं आणि दुसऱ्यांदा त्याच वाटेनं गेला. तेच झालं. निळ्या गणवेशातले डच गार्ड, हॉलंडचं सगळ्यांत नावाजलेलं पायदळ, जवळजवळ संपले. डचांच्या पगारावरच्या स्कॉटिश पलटणी त्यांच्या जोडीला होत्या, त्यांच्यातला टलिबार्डिनचा मार्क्विस तिथंच गेला. पहिल्या अर्ध्या तासात पाच हजार माणसं पडली असं बहुतेक अभ्यासक धरतात. फ्रेंच बाहेर पडून पाठलाग करते तर दोस्तांची डावी बाजू कोसळली असती. हेसचं घोडदळ मागं उभं होतं म्हणून तो प्रसंग टळला. तिसऱ्यांदा जायची तयारी चालू होती तेव्हा मार्लबरो आणि यूजीन स्वतः तिथं आले आणि त्यांनी ती थांबवली.

इंग्रजी पुस्तकांत पुढचं वाक्य ठरलेलं असतं. राजपुत्र उतावळा होता, त्याला नुसता देखावा करायला सांगितलं होतं. मला हे पटत नाही. देखाव्यासाठी तीस पलटणी बांधापर्यंत नेत नाहीत, आणि देखावाच असता तर पहिला हल्ला फसल्यावर लगेच कुणीतरी घोडेस्वार धाडून त्याला थांबवलं असतं. दुसरा हल्ला होऊन गेल्यावर सेनापती येतात याचा अर्थ ती बाजू त्यांच्या डोळ्यांपुढं नव्हती. टूर्नेहून जनरल विदर्स ताज्या पलटणी घेऊन आला होता. त्या डावीकडे गेल्या असत्या तर डचांना बळ आलं असतं. त्यांना पाठवलं उजवीकडे, सारच्या रानाला वळसा घालायला. लढाई शेवटी त्या वळशानं फिरली हे खरं, पण मग डावीकडे एवढ्याच माणसांनी एवढं मोठं काम करायचं हे ठरवणारा बावीस वर्षांचा पोरगा नव्हता.

उजवीकडचं युद्ध रानातलं, म्हणजे धुरातलं आणि झुडपांतलं. दोस्तांकडचे शुलेनबुर्गचे जर्मन आणि लोटुमच्या पलटणी तासन्‌तास झाडाझाडासाठी झुंजल्या. यूजीनच्या मानेला गोळी चाटून गेली. जखम बांधायला लोक आले तेव्हा तो म्हणाला म्हणे, मरायचंच असेल तर बांधून काय उपयोग, आणि जगलो तर संध्याकाळी वेळच वेळ आहे.

त्याच रानातली एक बारीकशी गोष्ट मला नेहमी खिळवून ठेवते. ब्रिटिशांची एक आयरिश पलटण रानातल्या मोकळ्या जागेत आली आणि समोर दुसरी पलटण उभी दिसली. ब्रिटिशांची पद्धत अशी की पलटणीचे बारीक गट पाडून पाळीपाळीनं फैरी झाडायच्या, म्हणजे कुणाची ना कुणाची बंदूक नेहमी भरलेली असते. समोरच्यांची पद्धत अख्खी रांग एकदम झाडण्याची. दोन-तीन फैरींत निकाल लागला. समोरची पलटण रानात नाहीशी झाली आणि मागं राहिलेल्या जखमींत सापडला एक आयरिश अधिकारी. कारण तीही आयरिश पलटणच होती, फ्रान्सच्या राजाच्या चाकरीतली, आणि नावही जवळपास तेच. ब्रिटिशांची दहाएक माणसं मेली-जखमी झाली, समोरच्यांची चाळीसच्या घरात. ही नोंद ठेवणारा त्याच पलटणीतला कप्तान. तो स्वतः त्या दिवशी मैदानात नव्हता, पण सोबत्यांकडून ऐकून त्यानं कारणही नीट लिहिलं. एका पौंडात ब्रिटिश गोळ्या सोळा बसत, फ्रेंच चोवीस. म्हणजे एक गोळी सुमारे २८ ग्रॅमची आणि दुसरी १९-२० ग्रॅमची. घरापासून शेकडो मैल दूर, दोन परक्या राजांसाठी एकाच देशाची माणसं समोरासमोर येतात आणि निकाल लागतो गोळीच्या वजनावर आणि कवायतीवर. ‘इंग्रजी फौज’ आणि ‘फ्रेंच फौज’ हे शब्द या एका प्रसंगानंतर मला जपून वापरावेसे वाटतात.

दुपारपर्यंत व्हिलारला रान टिकवण्यासाठी मधलं पायदळ ओढावं लागलं, दोस्तांचा बेत होता तसंच. प्रतिहल्ल्याच्या तयारीत असताना त्याच्या गुडघ्याला गोळी लागली. तो जागेवरून हलायला तयार नव्हता, पण शेवटी शुद्ध हरपली आणि त्याला उचलून न्यावं लागलं. मधले आडोसे रिकामे झाले होते, ते ऑर्कनीच्या ब्रिटिश पायदळानं फार तोशीस न पडता घेतले. इंग्रजांचा वाटा इथं मोठा आणि तो मी नाकारत नाही. मग घोडदळ आत घुसलं. बुफ्लेरनं राजाच्या खास घोडदळासह त्यावर पुन्हा पुन्हा झडप घातली. त्या स्वारांत ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणारा एकवीस वर्षांचा जेम्स स्टुअर्टही होता, हाताला जखम होईतो लढला. शेवटी तीनच्या सुमाराला बुफ्लेरनं माघारीचा हुकूम दिला. फ्रेंच रांगा न मोडता, निशाणं आणि बहुतेक तोफा सांभाळत निघून गेले. पाठलाग करायचं त्राण दोस्तांत नव्हतं.

आता ‘धुव्वा’ या शब्दाकडे या. दोस्तांची मेलेली आणि जखमी झालेली माणसं वीस हजारांच्या वर. फ्रेंचांची अकरा ते चौदा हजार. रामिलीला १७०६ मध्ये मार्लबरोनं चार हजारांहून कमी माणसं गमावून फ्रेंच फौज उधळली होती, औडेनार्डला त्याचं नुकसान तीन हजारांच्या आसपास. ब्लेनहाइमला ते बारा हजारांवर गेलं, पण समोर फ्रेंच सेनापती कैद झाला आणि अख्खी फौज नाहीशी झाली. मालप्लाकेला जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याच्या जवळपास दुप्पट माणसं दिली आणि हरणारा चालत घरी गेला. दोस्तांच्या नुकसानीत आठ हजारांच्या वर एकट्या डचांचं. ब्रिटिशांचं दोन हजारांच्या आसपास. आपल्या लेखात डचांचं नाव एकदा येतं, तेही ‘इतर मित्रराष्ट्रे’ या यादीत.

व्हिलारनं अंथरुणावरून राजाला लिहिलं, देवाच्या कृपेनं आणखी एक अशी लढाई आपण हरलो तर महाराजांचे शत्रू संपलेच म्हणून समजा. बढाई त्याच्या स्वभावातच होती, पण हिशेब बरोबर होता.

दोस्तांना मैदान मिळालं, ऑक्टोबरात मॉन्सही मिळालं. हवं होतं ते नव्हतं मिळालं. हवं होतं ते ३७ वं कलम. पुढच्या वर्षी गेर्ट्रौडेनबर्गला पुन्हा बोलणी झाली, तेव्हा मागणी आणखी वाढवली, लुईनं एकट्यानंच नातवाला हुसकावं. बोलणी मोडली. इंग्लंडात लोक रक्तपाताला कंटाळले, १७१० मध्ये युद्ध थांबवू पाहणारा टोरी पक्ष सत्तेवर आला, १७११ च्या डिसेंबरात मार्लबरोची उचलबांगडी झाली. १७१२ मध्ये लॉर्ड पॉलेट नावाच्या सरदारानं भर सभागृहात सुचवलं की काही सेनापती अधिकाऱ्यांना मुद्दाम मरायला पाठवतात, कारण मेलेल्यांच्या जागा विकता येतात. मार्लबरोनं त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं, राणीनं मध्ये पडून ते थांबवलं. आरोप नीच होता, माझं त्याबद्दल दुमत नाही. पण औडेनार्डनंतर असा आरोप करायची कुणाची छाती झाली नसती. त्याच १७१२ च्या जुलैत व्हिलारनं, तोच लंगडा व्हिलार, देनँला यूजीनच्या फौजेचा एक भाग कापून काढला. एप्रिल १७१३ मध्ये उट्रेक्टचा तह झाला आणि फिलिप स्पेनच्या गादीवर राहिला. ज्या एका कलमासाठी मालप्लाके झालं, ते कलम तहात आलंच नाही.

राजपुत्र फ्रिसो १७११ च्या जुलैत मूर्डाइकच्या तरीवर बुडून मेला, वय तेवीस. प्रशियाच्या राजाला भेटायला हेगला निघाला होता, वारसाहक्काच्या भांडणाचा निकाल लावायला. गंमत अशी की त्याच प्रशियाचा युवराज मालप्लाकेला त्याच्याच बाजूनं मैदानात हजर होता आणि पुढे राजा झाल्यावर दर ११ सप्टेंबरला त्या दिवसाची आठवण साजरी करी. आज नेदरलँडच्या गादीवर आहे तो फ्रिसोच्याच वंशातला. मालप्लाकेच्या रस्त्यालगत मात्र जो स्तंभ उभा आहे तो फ्रेंचांनी उभारलेला, त्यावर व्हिलार आणि बुफ्लेर. हरलेल्यांनी स्मारक बांधावं आणि ते रास्त वाटावं, अशी लढाई होती ती.

दोन विनंत्या करतो. लेख पुढे पुस्तिकेत किंवा विशेषांकात घेणार असाल तर नकाशात दोन रानं दाखवा, आणि डचांच्या उजव्या हाताला आत वळलेल्या फ्रेंच फळीत तोफांची एक छोटी खूण करा. चित्रकाराला जागा नेमकी सांगायला मी कच्चा नकाशा काढून देईन. आणि हे पत्र लांबलं आहे हे मला कळतं. कात्री लावायचीच असेल तर माझ्या आणि जावयाच्या फेरफटक्यावर लावा, व्हिलारच्या भाकरीवर लावा, पॉलेटवर लावा. तीस पलटणींचा मजकूर तेवढा राहू द्या.

आपला,
तोफखान्यातील एक निवृत्त सुभेदार